लवचीक वेळेचा पहिला अर्ज

आमची बँक मोठ्या बँकेत विलीन झाली तेव्हा आम्हाला बऱ्याच गोष्टी नव्याने मिळाल्या. नवं बोधचिन्ह, निळ्या फितीचं ओळखपत्र, दर सोमवारी उभं राहून म्हणायचं एक गीत, आणि बायकांसाठी कामाच्या लवचीक वेळेचं धोरण. हे धोरण काचेच्या फ्रेममध्ये, मॅनेजरच्या केबिनबाहेर, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी टांगलेलं होतं. दोन्हींवर सारखीच धूळ होती.

जुन्या बँकेत आमच्याकडे धोरण नव्हतं. ग्वाल्हेरच्या टोपी बाजाराच्या तोंडाशी एका कापडवाल्याच्या वरच्या मजल्यावर आमची शाखा होती. आठ माणसं, त्यात बायका तीन. कुणाला लवकर जायचं असलं तर ती दुसरीला सांगे, दुसरी मान हलवे, आणि मॅनेजर नेमके त्याच वेळी खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक विजेचा खांब होता. पण त्या माणसाने आपल्या कारकिर्दीत तो खांब पुष्कळ पाहिला.

माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणारी सहकारी तेव्हा पस्तिशीची होती. शिंदे की छावनीत घर, नवरा मालनपूरच्या कारखान्यात पाळ्यांवर. त्यांना एकच मुलगी, सहा वर्षांची. तिच्या पायांत जन्मापासून ताकद कमी. रोज नेमाने व्यायाम झाला तर ती आधाराशिवाय चालेल, पण जे काय व्हायचं ते येत्या दोन-तीन वर्षांत, नंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई दुपारी साडेतीनचीच वेळ देत. आणि आई समोर हवी ही त्यांची अट, कारण उरलेला व्यायाम घरी तिनेच करून घ्यायचा.

म्हणून ती सकाळी साडेआठला यायची. गार्ड शटर वर करायचा, आणि आम्ही दहाला पोचेपर्यंत तिने आदल्या दिवसाचे कागद लावलेले असायचे, पेन्शनवाल्यांची पासबुकं छापून झालेली असायची. तीनला ती निघायची. तीन ते पाच तिचं काउंटर मी बघायची. दीड वर्ष असं चाललं. मुलगी भिंत धरून चालायला लागली होती.

मी हेड कॅशियर होते. या पदाचा अर्थ एवढाच, की स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे आणि दुसरी एका ऑफिसरकडे असे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. याहून वर मी गेले नाही, कारण क्लार्कची ऑफिसर झाली की बदली होते, आणि बदली श्योपुरला होईल की छत्तीसगडात हे कुणी सांगत नाही. बढती नाकारायचा फॉर्म मात्र फार सोपा असतो. एक ओळ, एक सही. तो मी तीनदा भरला. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांची कारकीर्द त्या एका ओळीत मावते. ती ओळ भरताना आम्हाला कुणी कारण विचारलं नाही.

मग एक चूक झाली. ती मी केली.

विलीनीकरणाचा सोहळा एका हॉटेलात होता. दोन कळशांतलं पाणी एका हंड्यात ओतायचं, म्हणजे दोन्ही बँका एक झाल्या, असा मुख्य कार्यक्रम. हंडा लहान निघाला. बाकी पाणी गालिच्यावर गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे पारितोषिकं होती, त्यात एक ‘सर्वोत्तम महिला-स्नेही शाखा’. आमचे खांब बघणारे मॅनेजर सोहळ्याच्याच आठवड्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची छोटी शाखाही बंद होणार होती. जाता जाता तिला काहीतरी मिळावं असं त्यांना वाटत होतं. मला म्हणाले, “मैडम, आप लिखती अच्छा हैं। एक पन्ना लिख दीजिए।”

अशा वेळी काय लिहायचं असतं ते बँकेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सौहार्दपूर्ण वातावरण, परस्पर सहयोग, वगैरे. मला अशा गोलमोल भाषेचा आयुष्यभर राग. मी तपशील लिहिला. साडेआठची वेळ लिहिली, तीनची लिहिली, मुलीचा व्यायाम लिहिला, शेजारच्या काउंटरबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. निवेदिकेने ते गळा दाटून आणून वाचलं, आणि आम्हाला काचेच्या पेटीत बसवलेला ग्वाल्हेरचा किल्ला मिळाला.

सहकारी माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. परतताना रिक्षात म्हणाली, “ताई, लिहिलंत छान. पण आता ते लिहिलेलं झालं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. आतापर्यंत नुसतं होतं.”

आठ दिवसांत प्रादेशिक कार्यालयाचं पत्र आलं. उक्त कर्मचारी कोणत्या आदेशान्वये अपराह्न तीन वाजता कार्यालय सोडतात, ते स्पष्ट करावं. मी ते दोन-तीनदा वाचलं. माझ्या अख्ख्या पानापेक्षा ते एक वाक्य नेमकं होतं. आदेश नव्हताच.

तोवर आमची शाखा बंद होऊन आम्ही मोठ्या बँकेच्या मोठ्या शाखेत आलो होतो. तिथे अंगठ्याचं मशीन होतं. नवे मॅनेजर वागायला सभ्य, पण सदैव कुणीतरी पाठीमागून हाक मारल्यासारखे दचकलेले. त्यांनी आम्हा दोघींना बोलावून पत्र दाखवलं. महिनाअखेरपर्यंत ते पत्राचं उत्तर लांबवू शकत होते. पुढच्या एक तारखेपासून तिने पाचपर्यंत बसावं, नाहीतर रजा टाकावी. रजा तिच्या खात्यात अकरा दिवस होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “राजीनामा लिहून ठेवलाय मी. फक्त तारीख टाकायची.”

“कधी लिहिलास?”

“त्या रिक्षातून घरी गेले ना, त्याच दिवशी.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही टेन्शन नका घेऊ ताई. बात ती नाहीये. आज नाही तर उद्या, कुणीतरी विचारलंच असतं.”

हे तिने माझ्यासाठी म्हटलं होतं. ते खरं असण्याची शक्यताही होती. तरी मला त्याने बरं वाटलं नाही.

मी त्या फ्रेमपुढे जाऊन उभी राहिले. धोरण वाचलं तर उत्तम होतं. विशेष परिस्थितीत महिला कर्मचाऱ्याला वेळ बदलून मिळेल, फॉर्म भरावा, मॅनेजरची शिफारस जोडावी. मग प्रश्न मिटलाच की. पण मला एक गोष्ट खटकली. चांगल्या सोयीची चर्चा होते. कँटीनमध्ये कढी बरी झाली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी जाते. या धोरणाबद्दल कुणी अवाक्षर बोलत नव्हतं.

कर्जविभागात एक ऑफिसरबाई होत्या, मूळ मोठ्या बँकेच्याच. मराठी, आणि पणजोबा दरबारात काय होते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणाऱ्या घरातल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर डबा उघडून बसले.

“पॉलिसी ना, आमच्याकडे पहिल्यापासून आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात घरच्या चांदीच्या भांड्यांबद्दल बोलावं तशी ऐट. “तुमच्याकडे नव्हती वाटतं?”

“नव्हती. कुणी घेतला का हो फायदा?”

“फायदा म्हणजे?”

“अर्ज केला का कुणी?”

“अर्ज?” त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. “अर्ज कोण करेल? वेड लागलंय का?”

मी गप्प बसले. गप्प बसलं की माणसं पुढचं सांगतात, हे काउंटरवर शिकायला मिळतं.

“मी करणार होते एकदा,” त्या जरा वेळाने म्हणाल्या. “धाकटी झाली तेव्हा. तेव्हाच्या साहेबांनी आत बसवलं, चहा मागवला. चांगला माणूस होता. म्हणाले, बेटा, पहले खाना नंबर सात पढ़ लो. वाचलं, चहा प्यायले, आणि सासूबाईंना जबलपूरहून बोलावून घेतलं. त्या नऊ वर्षं राहिल्या.”

अर्जाचा कोरा फॉर्म मिळवून रकाना सात मी त्याच दुपारी वाचला. त्यात मॅनेजरने लिहून द्यायचं होतं, की या कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीमुळे शाखेच्या कामावर कोणताही परिणाम होणार नाही.

वरवर पाहता रास्त वाक्य. पण मोठ्या बँकेत पहिल्यापासूनच, आणि विलीनीकरणाच्या काळात तर जास्तच, प्रत्येक शाखेकडून जादा माणसांची यादी मागवत होते, आणि जादा ठरलेल्यांना भिंडला किंवा श्योपुरला पाठवत होते. जिच्या नसण्याने काही बिघडत नाही असं खुद्द मॅनेजर लिहून देतो, ती जादा नाही तर कोण? बाईला हवी ती वेळ मिळायची, फक्त पाऊणशे ते दोनशे किलोमीटर लांब. मॅनेजरचंही एक माणूस जायचं. त्यामुळे बायका मागत नव्हत्या, मॅनेजर देत नव्हते, आणि धोरण निष्कलंक राहिलं होतं.

त्या रकान्याने मला काही दिवस झपाटलं. कुणी लिहिला असेल? दुष्टपणाने लिहिल्यासारखा वाटत नव्हता. दुष्ट माणूस इतकं सुबक लिहीत नाही. एखाद्या सावध माणसाने, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून, चांगल्या हेतूने घातलेली ओळ असावी. मी कल्पना करून पाहिली. संध्याकाळी पाच वाजता त्याने ते पान पूर्ण केलं असेल, वेळेत घरी गेला असेल.

पण फ्रेममध्ये तर एकच पान होतं, खाली कोपऱ्यात ‘१/१९’ असं छापलेलं. उरलेली अठरा पानं कुठे? फ्रेममध्ये मावत नव्हती, असं शिपाई म्हणाला. ती मी बँकेच्या अंतर्गत संगणकावरून शोधून छापून घेतली. पुस्तक हातात आलं की मी परिशिष्टं आणि तळटीपा आधी वाचते. मजकुरात लेखकाला दिसायला आवडेल ते असतं, आणि परिशिष्टात त्याला टाळता न आलेलं. परिशिष्ट ‘ग’ सतराव्या पानावर होतं. एकाच श्रेणीचे दोन कर्मचारी संयुक्त अर्ज करून एक आसन पुढे-मागे वेळेत सांभाळू शकतील. आसन रिकामं राहत नसल्याने रकाना सात लागू नाही.

मी क्लार्क, ती क्लार्क. ती साडेआठ ते तीन, मी साडेअकरा ते सहा. खालची ओळ वाचेपर्यंत मला फार हुशार असल्यासारखं वाटत होतं. खालची ओळ होती, अशा कर्मचाऱ्यांकडे किल्ल्यांचा ताबा राहणार नाही.

ते योग्यच होतं. स्ट्राँगरूम दहाला उघडायची तर किल्लीवाली साडेअकराला येऊन कसं चालेल? पण एकत्र झालेल्या शाखेत दोन हेड कॅशियर होते आणि जागा एक. मोठ्या बँकेचे गृहस्थ माझ्याहून चार वर्षांनी कनिष्ठ. त्या जागेचा आदेश माझ्या नावाने निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता हे सांगायला हवं. शाली आणि श्रीफळं, मानाच्या खुर्च्या, हारांच्या रांगा, यांची मी जन्मभर थट्टा केली. पण त्या किल्लीच्या बाबतीत मी एखाद्या जहागीरदाराच्या वंशजाइतकीच हळवी होते. पर्समध्ये तिचं वजन लागायचं. मी पोचेपर्यंत ऑफिसरला दारापाशी उभं राहावं लागायचं, आणि कधीकधी मी जिना सावकाश चढायची. तीनदा बढती नाकारलेल्या बाईला एवढंच पद मिळालं होतं, आणि निवृत्तीला पाच वर्षं होती.

ती छापलेली पानं मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली. मधल्या वेळात दुसरं कुणी मिळतं का ते पाहिलं. आमच्यातल्या तिसरीची बदली मुरैनाला झालेली. कर्जविभागातल्या बाई ऑफिसर, त्यांची श्रेणी वेगळी. नव्या शाखेतल्या दोघी क्लार्कना सकाळीच यायला हवं होतं, कारण संध्याकाळी त्यांच्या घरी सहा माणसांचा स्वयंपाक. मी मनापासून शोधलं, कारण कुणी सापडावं अशी माझी फार इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं. पानं वाचून तिने ती परत माझ्या पुढ्यात ठेवली.

“नाही ताई. तुमची किल्ली जाईल.”

“जाईल.”

“मग लोक म्हणतील, हिने पोरीचं कारण सांगून ताईंची जागा घालवली.”

“लोक म्हणतील, म्हातारीला सकाळी उठवत नाही. तेही खरंच आहे.”

ती हसली नाही. “तुम्ही त्या पानामुळे करताय. अवॉर्डवाल्या.”

“थोडं त्यामुळे,” मी म्हटलं. “थोडं असं, की हा फॉर्म भरला तर काय होतं ते मला बघायचंय. आजवर कुणीच पाहिलेलं नाही.”

हे ऐकून मात्र तिला जरा पटल्यासारखं झालं. उपकार घ्यायला ती तयार नव्हती, माझ्या कुतूहलाला मदत करायला तयार झाली. “द्या,” ती म्हणाली. “पण अक्षर तुमचं चालेल. माझं डॉक्टरसारखं आहे.”

मॅनेजरांनी परिशिष्ट ‘ग’ दोनदा वाचलं. “ये भी है इसमें?” मग बोटांवर तास मोजले. “काउंटर सुबह साढ़े आठ से शाम छह तक? मैडम, यह तो पहले बताना था।” आणि सही केली. त्या सहीने आपण माणूस गमावत नाही, उलट काउंटरचे अडीच तास कमावतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. परोपकाराच्या सहीपेक्षा अशी सही मला जास्त भरवशाची वाटते.

आठवड्याने प्रादेशिक कार्यालयातून फोन आला. आवाज तरुण होता.

“मैडम, पहली आवेदक का कारण तो समझ में आ गया। आपने सिर्फ़ ‘अन्य’ पर टिक किया है।”

“हाँ।”

“अन्य में क्या?”

“सुबह का समय चाहिए।”

“घर में कोई बीमार है?”

“नहीं।”

“आप बीमार हैं?”

“नहीं।”

“बच्चे छोटे हैं?”

“बच्चे नौकरी करते हैं।”

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. “तो फिर प्रॉब्लम क्या है, मैडम?”

मला त्याची दया आली. फॉर्म अडचणींसाठी होता. अडचण नसलेली बाई वेळ मागते, याला त्यात जागाच नव्हती. उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला.

घरी, हरिशंकरपुरमला, ह्यांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “माझं नाव टाक. वृद्ध, अवलंबून. साधा चहा करता येत नाही.”

“अहो, घरात चहा तुम्हीच करता.”

“ते त्यांना कुठे माहीत आहे? पाहिजे तर काठी घेऊन फोटो काढतो.”

मोह झाला. पण तिच्या अर्जात सगळं खरं होतं, आणि दोन्ही अर्ज एकाच कागदावर होते. एकात खोटं निघालं असतं तर दुसराही गेला असता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी खरं सांगितलं. सकाळी मला वाचायचं असतं. तीस वर्षं डबा भरता भरता वाचत आले, आता बसून वाचीन.

“कोई परीक्षा दे रही हैं?”

“नहीं। ऐसे ही। किताबें।”

पलीकडे पुन्हा कागद उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, “मैडम, ‘अध्ययन’ का एक खाना है। उसमें डाल दूँ?”

मी म्हटलं, डाल दीजिए. माझ्या सेवापुस्तकात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, अध्ययनासाठी वेळ बदलून घेतल्याची नोंद आहे. ती चुकीची नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना मंजुरी आली, सहा महिन्यांसाठी, पुढे वाढवता येण्याजोगी. त्याच दिवशी मी किल्ली दिली. नव्या हेड कॅशियरना अवघडल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, “मैडम, आप चाहें तो कल दे दीजिए।” मी म्हटलं, उद्या आणखी जड होईल. रजिस्टरात दोघांनी सह्या केल्या. पुढचा आठवडाभर पर्स हलकी लागली की मी ती उघडून किल्ली शोधायला लागायची. कर्जविभागातल्या बाईंनी परिशिष्ट ‘ग’ची एक प्रत मागून घेतली, आणि चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

एक तारखेला तीनच्या ठोक्याला माझ्या सहकारिणीने खुर्ची मागे केली, मशीनवर अंगठा ठेवला, दिवा हिरवा झाला. ती क्षणभर मशीनकडे बघत राहिली, मग पिशवी उचलून निघाली. तिच्या काउंटरवर मी जाऊन बसले. समोर एक पेन्शनवाले आजोबा होते.

“वो वाली मैडम कहाँ गईं?”

माझ्या तोंडात ‘अभी आती हैं’ आलं होतं. दीड वर्ष तीननंतर जो कुणी विचारी त्याला मी तेच सांगत आले होते. कधी आत आहेत, कधी मीटिंगमध्ये आहेत. इतकं सवयीचं, की ते खोटं आहे हे त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकू आलं.

“घर गईं,” मी म्हटलं. “उनका समय पूरा हो गया।”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “और आप?”

“मैं छह बजे तक हूँ।”

“छह?” त्यांनी पासबुक पुढे सरकवलं. “तो लड़के को बोल दूँ? वो दफ़्तर से साढ़े पाँच पे छूटता है, आज तक बैंक के टाइम में पहुँच ही नहीं पाया।”

बोल दीजिए, मी म्हटलं, आणि पासबुक छापायला घेतलं.